मुहूर्ताचं रडकं मुंडकं

माझा दोन लिटरचा स्टीलचा थर्मास अजून पोलीस ठाण्यात जमा आहे. बूड चेपलंय, झाकण हरवलंय, पण वस्तू चांगली होती. परत मागायला मी जाणार नाही. तो तिथेच राहिलेला बरा. का, ते सांगते.

बुसानच्या बुजॉन बाजारात मागच्या अंगाला डुकराच्या मुंडक्यांची गल्ली आहे. तिथे प्यो पिल्नामचं दुकान, आणि समोर माझं रस्साभाताचं. ती मुंडकी उकडते, मी हाडं उकळते. तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या वाफेत उभ्या आहोत. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. बाजार तिला काय म्हणतो ते तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आमच्याकडे नवी बोट पाण्यात सोडा, दुकान थाटा, नाहीतर सिनेमाचा मुहूर्त करा, टेबलावर उकडलेलं मुंडकं लागतंच. त्याच्या तोंडात नोटा खोचायच्या, गुडघे टेकून नमस्कार घालायचा, तांदळाची दारू ओतायची, आणि मग ते कापून सगळ्यांनी वाटून खायचं. मात्र मुंडकं हसरं हवं. ओठांचे कोपरे वर, डोळे मिटलेले, झोपेत गोड काहीतरी खाल्ल्यासारखं. रडकं मुंडकं पुजलं की बोट बुडते, दुकान बसतं. आणि पिल्नामताईइतकं हसरं मुंडकं अख्ख्या बुसानमध्ये कुणी काढत नाही.

पहाटे ट्रक आला की ती एकेक मुंडकं कान धरून उचलते आणि चेहरा बघते. "घाबरून मेलेलं जनावर हसत नाही," असं ती म्हणते. "दोऱ्या कितीही बांध, पाणी कितीही उकळ." भेदरलेली मुंडकी ती बाजूला टाकते, ठोकळ्यावर ठेवून दोन घावांत उभी चिरते, आणि ती माझ्याकडे रश्श्याला येतात. उरलेल्यांच्या गालांत बांबूच्या काड्या खुपसते, ओठ वर ताणून दोऱ्याने बांधते आणि उकळत्या हंड्यात बुडवते, काढते, पुन्हा बुडवते. कोपरापर्यंत तिच्या हातावर एक केस उरलेला नाही.

त्या हातांची कीर्ती तिच्या नवऱ्याने केली. तो ट्रक चालवायचा, आणि पिऊन आला की तिला बुटाने, पट्ट्याने, हाताला लागेल त्याने मारायचा. गल्ली ऐकायची आणि कढई ढवळत राहायची. मीही ढवळली, खोटं कशाला सांगू. एका दुपारी त्याने भर दुकानात तिचं डोकं हंड्याच्या काठावर आपटलं. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं. ती उठली, त्याचा उजवा पंजा ठोकळ्यावर दाबला आणि सुरा घातला. करंगळीचं टोक ठोकळ्यावर राहिलं. मग तिनेच ते बर्फात घातलं, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. रस्ताभर तो रडत होता. "रडू नकोस," ही म्हणाली, "अजून नऊ आहेत." टोक काही जोडलं गेलं नाही. पंधरा दिवसांनी तो उल्सानला गेला तो गेलाच.

एवढी धीट बाई, पण बुसानच्या रेल्वे स्टेशनात पाऊल टाकत नाही. सोलला जायची वेळ आली तरी बसने जाते.

तिचं नावच मुळी भावासाठी ठेवलेलं. पिल्नाम म्हणजे 'पुढचा मुलगाच हवा'. बाप गिम्हेच्या कत्तलखान्यात डुकरं मारायचा. पहिली पोरगी झाली तेव्हा त्याने तिच्या नावातूनच देवाला बजावलं. देवाने सात वर्षं लावली, आणि मग सुबोक झाला. ताईने त्याला पाठीवर बांधूनच वाढवला. पुढे आईबाप दोघंही गेले, ती वीस वर्षांची असताना या गल्लीत नोकरीला आली, आणि तेरा वर्षांचा सुबोक मामाकडून एकटा गाडीत बसून तिच्याकडे राहायला निघाला. ती त्याला घ्यायला स्टेशनवर जाणार होती. नेमकी त्या दिवशी मासेमारीच्या बोटींची अकरा मुंडकी हंड्यात होती आणि मालक सोडेना. तिला दोन तास उशीर झाला.

सुबोक वाट बघून बाकावर झोपला होता. पोलिसाने त्याचं बखोट धरलं. त्या दिवसांत बेवारस म्हणून कुणालाही उचलायचे, ट्रकात कोंबायचे आणि डोंगरावरच्या 'घरा'त नेऊन टाकायचे. पोरगा ओरडत होता की माझी ताई येतेय. त्याच्या कानशिलात एक बसली आणि तो गप्प झाला. हे सगळं तिथे उकडलेली अंडी विकणाऱ्या बाईने ताईला सांगितलं.

ती धावत ठाण्यात गेली. तिथल्या पोलिसाने वही उघडून तिच्यापुढे सरकवली. "आहे का नाव? वहीत नाव नाही, म्हणजे उचललेलाच नाही." डोंगरावरच्या फाटकाशी गेली तर पहारेकऱ्याने पोटात लाथ घातली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. दोन वर्षं जात राहिली.

तिसऱ्या वर्षी तिथून पळालेला एक माणूस तिला शोधत गल्लीत आला. त्याचा अर्धा कान तुटलेला होता. त्याने सांगितलं की तिथे नावं नसतात, आकडे असतात. सुबोक सतरा नंबर. रोज सकाळी मैदानात हजेरी घ्यायचे, आणि आकडा पुकारला की 'हजर' म्हणायचं. एका सकाळी सतरा पुकारल्यावर पोरगा म्हणाला, "मी प्यो सुबोक. माझी ताई न्यायला येणार आहे." त्याला कुदळीच्या दांड्याने मारला. पुन्हा सतरा पुकारलं. त्याने पुन्हा नाव सांगितलं. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा तो काही बोलला नाही, आणि हजेरी पुढे अठरावर गेली. कुठे पुरला ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पुढे ते घर बंद झालं, पण कागद कुठेच सापडला नाही. मेल्याची तारीख नाही, म्हणून श्राद्धही नाही.

ताईने हे मला एकदाच सांगितलं, वीसेक वर्षांपूर्वी, मुंडकी चिरता चिरता. हात थांबला नव्हता तिचा. त्यानंतर मी कधी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी उन्हं तापायच्या आधी बान दोहुन नावाचा डायरेक्टर दुकानाशी आला. चाळिशीचा, अंगभर काळे कपडे, आवाज असा हळू की ऐकायला आपणच वाकायचं. परदेशात त्याला बक्षिसं मिळालेली, आणि तिथले लोक त्याचा सिनेमा बघताना चक्कर येऊन पडतात म्हणे. याचं त्याला कौतुकच होतं.

"मुहूर्ताला मुंडकं हवंय," तो म्हणाला. "पण हसरं नको. ओरडणारं हवं."

"ओरडणारं हवं तर आरसा ठेवा समोर," ताई म्हणाली आणि सुरा चालवत राहिली.

तो रागावला नाही. "सिनेमाच तसा आहे, मावशी. त्या डोंगरावरच्या घराचा."

सुरा अर्ध्यात थांबला. मुंडकं धड चिरलं गेलं नाही, पातं कवटीत अडकून राहिलं. ताईने हात पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि त्याला बसवलं. जे मला तीस वर्षांत एकदा सांगितलं होतं ते तिने त्या परक्या माणसाला सगळंच्या सगळं सांगितलं. बान दोहुन रडला. माझ्या दुकानात बसून दोन वाडगे रस्साभात खाल्ला आणि खाताना पुन्हा रडला. खरे अश्रू होते. माणूस खोटा नव्हता, म्हणून तर आम्ही फसलो.

"सगळं घ्या तुमच्या सिनेमात," ताई त्याला म्हणाली. "माझी एकच अट आहे. हजेरी आली की त्याचं नाव घ्यायचं. पूर्ण. प्यो सुबोक. एकदाच, पण मोठ्याने."

"मावशी, हजेरी तर माझ्या सिनेमाचा कणा आहे. नाव येणारच."

"शब्द?"

"शब्द."

मग तिने ते पाप केलं. मी म्हटलं, "ताई, मुहूर्ताला रडकं मुंडकं? गल्लीत कुणी केलंय का असं कधी?" ती म्हणाली, "गप गं, गुमी. पोराचं नाव येणार आहे." ट्रकातलं सगळ्यात भेदरलेलं मुंडकं तिने निवडलं. जबड्यात लाकडी ठोकळा मारला, ओठ आकड्यांनी खाली खेचले, पापण्या शिवून उघड्या ठेवल्या. पाण्यातून ते बाहेर आलं तेव्हा माझं गिऱ्हाईक जेवण टाकून उठलं. तिने त्या मुंडक्याचे पैसेही घेतले नाहीत.

यंदाच्या शरदात बुसानचा सिनेमहोत्सव आला आणि त्याचा सिनेमा लागला. नाव, 'मांसाचं व्याकरण'. त्याने तिकिटं पाठवली नाहीत. मी म्हटलं, विसरला असेल, मोठी माणसं. आम्ही दोघी सकाळी सहापासून रांगेत उभ्या राहिलो, कॉलेजच्या पोरापोरींमध्ये. ताईने आदल्या दिवशी केस कुरळे करून घेतले होते आणि लग्नकार्यात घालायचं जांभळं जाकीट घातलं होतं. मी थर्मासमध्ये रस्सा भरून घेतला, कारण सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा आणि ही बाहेरचं काही खात नाही.

पहिली अकरा मिनिटं पडद्यावर नुसतं मुंडकं होतं. तेच, ताईचं. माश्या बसत होत्या, उठत होत्या. "माझं आहे," ती शेजारच्या पोरीला कुजबुजली. त्या पोरीला वाटलं, काहीतरी गहन बोलतेय म्हातारी. तिने मान डोलावली.

मग मारामारी सुरू झाली. मार, मार आणि मार. माणसं चिखलात नागडी सरपटली. एकाने दुसऱ्याचा अंगठा चावून तोडला, तो तुकडा कॅमेऱ्याने बराच वेळ बघितला. एकाला उलटा टांगून झोडला, त्याच्यामागे पियानो वाजत होता. पहारेकरी रक्ताने भिंतीवर वर्तुळ काढत होता, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. रक्त आम्हाला नवं नाही. पाटाभर सांडलं की अर्ध्या तासात काळपट होतं, साका धरतं, वास सुटतो. याचं रक्त सिनेमाभर लालभडक राहिलं. पुढची एक मुलगी पिशवीत ओकली. निम्मे लोक उठून गेले, आणि उरलेले, आपण उठलो नाही म्हणून स्वतःवर खूश दिसत होते.

"दांडा असा बसत नाही," ताई हळूच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मार खाणारा असा किंचाळत नाही, गुमी. किंचाळायला छातीत हवा लागते."

मला कंटाळा आला. मारहाणीचा कंटाळा येऊ शकतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली. त्या घरात पोरं खरोखर मेली होती आणि मी जांभया देत होते. याबद्दल मी त्या माणसाला माफ करणार नाही.

पण ताई ताठ बसली होती. ती हजेरीची वाट बघत होती. बाकी सगळं वाईट असलं तरी चालणार होतं तिला.

शेवटी ते मैदान आलं. धुकं, रांगेत उभी पोरं. ताईने माझं मनगट पकडलं. चौदा, हजर. पंधरा, हजर. सोळा, हजर. सतरा. एका हडकुळ्या पोराने मान वर केली. दांडा खाली आला. पोरगा गुडघ्यावर आला, पुन्हा उठला, ओठांवरचं रक्त जिभेने चाटलं आणि बोलायला तोंड उघडलं. ताईची नखं माझ्या मनगटात रुतली.

आणि आवाज बंद. पोराचे ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. मग पडदा लाल झाला, आणि चार मिनिटं लालच राहिला.

त्यानंतर नावं वर सरकायला लागली. ताई ओठ हलवत एकेक वाचत होती. दिवे उचलणाऱ्यांची नावं होती, जेवण पुरवणाऱ्याचं होतं, दोन कुत्र्यांचीही होती. दिवे लागेपर्यंत ती वाचत राहिली.

बान दोहुन मंचावर येऊन खुर्चीत बसला. लोकांनी त्याला प्रश्न विचारले, त्यात प्रश्न कमी आणि प्रवचन जास्त. ताईने हात वर केला. माइक तिच्याकडे आला तेव्हा तिने तो कोंबडीची मान धरतात तसा धरला.

"नाव का नाही घेतलं?"

त्याने तिला ओळखलं नाही. जांभळं जाकीट, कुरळे केस. "फार चांगला प्रश्न, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "चित्रीकरणात नाव होतं. नंतर मीच काढलं. नाव घेतलं की प्रेक्षक त्या एका पोरासाठी रडतो आणि मोकळा होतो. मला त्याला मोकळं करायचं नव्हतं. म्हणून तो पोरगा कुणीच नाही. तो फक्त मांस आहे."

टाळ्या पडल्या. ताईने माइक शेजारच्या पोरीच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरायला लागली. कुणी अडवलं नाही. म्हातारी बाई, सही मागायला चालली असेल. मंचावर चढताना एका स्वयंसेवकाने तिला हातही दिला. बान दोहुन उठून उभा राहिला, किंचित वाकला, आणि तिने त्याला थप्पड मारली.

मी तिला चाळीस किलोची टोपली एका हाताने ओढताना बघितलं आहे. तो खुर्चीसकट आडवा झाला. ओठ दातावर फाटला. आणि तो तसाच जमिनीवर बसून हसायला लागला. रक्ताने दात लाल झालेले, आणि हसतोय. पडलेला माइक त्याने उचलला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मला हेच हवं होतं. माझा सिनेमा हेच मागतो."

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ताई मंचावर मध्यभागी हात खाली सोडून उभी होती, आणि शेकडो फोन तिच्यावर रोखलेले होते. तिचा संतापही त्याने आपल्या सिनेमात घालून टाकला. आयुष्यात मी तिला इतकी एकटी बघितली नव्हती.

आम्हाला पोलीस ठाण्यात नेलं. तिथे हवालदार योम नावाचा तरुण होता. त्याने ती थप्पड आधीच फोनवर बघितली होती. चार वाजता मारली, साडेपाचपर्यंत अर्ध्या देशाने बघितली, आणि सिनेमाचे उरलेले सगळे खेळ भरले. योम चांगला पोरगा. त्याने आम्हाला बाकावर बसवलं आणि तो टाइप करायला लागला.

"मारलं का, मावशी?"

"माझ्या भावाचं नाव घेतो म्हणाला होता. नाही घेतलं."

"भाऊ कुठे असतो?"

ताईने सांगितलं. तो थांबला, मग पुन्हा टाइप करायला लागला. "नाव सांगा."

"प्यो सुबोक."

त्याने ते टाइप केलं आणि, पोलिसांची रीत असते तशी, बरोबर आहे ना म्हणून मोठ्याने वाचलं. "प्यो सुबोक." ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली. त्याने वाचलं.

मी थर्मास पुढे केला, पण तिने घोटही घेतला नाही. "चूक माझी आहे, गुमी," ती म्हणाली. "रडकं मुंडकं दिलं मी मुहूर्ताला. पोराच्या नावासाठी सगळ्या बाजाराची रीत मोडली, मग काय होणार?" एरवी तिच्या असल्या बोलण्याला मी हसते. त्या दिवशी नाही हसले. मुंडक्यामुळे सिनेमे बिघडत नसतात, हे मला कळतं. पण तिला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तिने स्वतःलाच धरलं.

तेवढ्यात बान दोहुन आला. ओठाला पट्टी, सोबत फोन उगारून चित्रण करणारा एक माणूस. आता त्याला आठवण झाली होती.

"मावशी, माझ्या मनात काही नाही. मी तक्रार करणार नाही. उलट तुम्ही मला माझ्या सिनेमाचा शेवट दिलात. फक्त एक फोटो काढू या, दोघांचा."

हवालदार योमला हायसं वाटलं. "झालं तर मग, मावशी. नुसती थप्पड आहे. साहेबांनी माफीच्या कागदावर सही दिली की गुन्हा उरतच नाही. तुम्ही घरी जा."

"आणि हे लिहिलंस ते?"

"ते काढून टाकू. प्रकरणच नाही म्हटल्यावर कागद कशाला?"

"त्याचं नावही जाईल?"

"जाईलच की."

बान दोहुन खिशातून पेन काढत होता.

"आणि यानं माफ केलं तरी मिटत नाही, असं कधी होतं?" तिने विचारलं.

"हाड मोडलं, दात पडला, असलं काही झालं तर. तिथे कुणाच्या माफीचा संबंध नसतो, ते वर कोर्टापर्यंत जातंच. पण तसं काही झालेलं नाही ना," योम हसून म्हणाला. बिचारा धीर देत होता.

ताई माझ्याकडे वळली. "थर्मास दे गं."

मला वाटलं, आता घसा ओला करेल. मी दिला. तिने झाकण घट्ट आहे ना ते बघितलं, उठली, आणि सही करायला वाकलेल्या बान दोहुनच्या तोंडावर खालून वर हाणला. आवाज झाला तो मला ओळखीचा होता. रोज पहाटे समोरच्या दुकानातून येतो. बान दोहुन टेबलावर आदळून खाली घसरला. दोन दात माफीच्या कागदावर पडले, एक मुळासकट, एक अर्धा. रक्त टेबलाच्या कडेवरून योमच्या बुटावर ठिबकायला लागलं. फोनवाला माणूस भिंतीला चिकटला. फोन त्याच्या हातून केव्हाच सुटला होता.

पहिल्या वेळी बान दोहुन हसला होता. या वेळी नाही हसला. तो घशातून घरघर काढत होता, किंचाळायला त्याला हवा पुरत नव्हती. ताईने त्याच्यापुढे बसून दोन्ही कानांशी धरून त्याचा चेहरा वर केला, पहाटे मुंडकी बघते तसा. नीट बघितला आणि सोडून दिला.

दोघा पोलिसांनी तिचे हात मागे पिळले. ती आडवी आली नाही. एकाने तिचं डोकं टेबलावर दाबलं, जुन्या भुवईची शिवण उकलली, आणि त्याच टेबलावर तिचंही रक्त सांडलं. मी मध्ये पडले तर मलाही कोपर बसलं. आज मी कढई ढवळत बसले नव्हते, एवढंच समाधान.

त्याला दवाखान्यात नेला. तिला बेड्या घालून योमच्या समोर बसवली. योमचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे काय केलंत, मावशी? मिटलं होतं की सगळं."

"दात मोजलेस?"

"दोन."

"दोन लिही. आता कुणाच्या माफीने मिटतं का हे?"

"नाही मिटत."

"कागद राहतो?"

"राहतो. कोर्टात जाणार, मावशी. तिथून कुठेही काढता येणार नाही."

"मग लिही. पहिल्यापासून लिही. घाई करू नकोस."

त्याने लिहिलं. तास लागला. भुवईतलं रक्त तिच्या जांभळ्या जाकिटावर गळत होतं, आणि ती त्याला स्टेशन सांगत होती, बाक सांगत होती, दोन तासांचा उशीर सांगत होती, अकरा मुंडकी सांगत होती. वहीत नाव नाही म्हणणाऱ्या त्या पोलिसाचंही तिने लिहायला लावलं. योमने ते लिहिताना वर बघितलं नाही.

शेवटी त्याने कागद छापून घेतले आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवायला उभा राहिला. खालच्या आवाजात वाचत तो त्या ओळीवर आला. "आरोपीचा धाकटा भाऊ, प्यो सुबोक, वय तेरा."

ताई उठून उभी राहिली. बेडी खुर्चीला होती म्हणून तिचा एक हात खालीच राहिला, पण मान वर होती.

"हजर," ती म्हणाली.

ठाण्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. योमने कागदावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"हेही लिहायचं का?" त्याने मला विचारलं.

"लिही," मी म्हणाले.